सेन्सर पुसायला घेण्याआधी या चुका टाळा

रत्नागिरीत मे महिन्यात आमच्या ओटीवर कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन येतोच आणि तक्रार ठरलेली असते: फोटोतल्या आभाळात काळे ठिपके दिसतात. बहुतेकांनी येण्याआधी तोंडाने फुंकर मारून पाहिलेली असते, म्हणजे धुळीच्या जोडीला थुंकीचे शिंतोडेही आलेले असतात. दाबाच्या हवेचा डबा वापरणेही असेच महागात पडते, कारण त्यातील द्रव कधीकधी थेट सेन्सरपुढच्या काचेवर उडतो.

मुळात ठिपका सेन्सरवरच, म्हणजे लेन्समागे फोटो टिपणाऱ्या पट्टीवरच, आहे का, हे आधी पाहावे. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा पण फोटोत न येणारा कण सेन्सरवरचा नसतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ १६ ठेवून (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान आणि ठिपके ठळक), फोकस बिघडवून, निरभ्र आकाशाचा फोटो काढावा. फोटोत डावीकडे वर दिसणारा ठिपका, कॅमेरा समोरून पाहिल्यास, सेन्सरवर डावीकडे खाली असतो. हे ठाऊक नसल्याने लोक स्वच्छ कोपराच घासत बसतात.

मात्र मला सर्वांत जास्त चीड येते ती हवेचा झोत मारणारा ब्लोअर न वापरता थेट ओला स्वॅब, म्हणजे पुसायची चपटी काडी, फिरवणाऱ्यांची. आमच्या शेजारचा एक मुलगा वेळासला कासवांची पिल्ले टिपायला गेला होता. ऐन किनाऱ्यावर, खारा वारा सुटलेला असताना त्याने लेन्स बदलली आणि घरी येऊन, मागवलेला स्वॅब द्रवात भिजवून, सेन्सरवर टेबल पुसावे तसा जोर लावून फिरवला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "काका, डाग गेले, पण एक रेघ जात नाही." बॅटरीच्या उजेडात तिरके धरून पाहिले, तर केसाएवढा बारीक, कमानदार ओरखडा होता. वाळूतले क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात. स्वॅबखाली असा एक कण अडकला की स्वॅबचा पॉलिशपेपर होतो. ओरखडा सेन्सरपुढच्या फिल्टरच्या काचेवर होता, एवढेच काय ते नशीब. पण ती काच बदलण्याचा खर्च ऐकून त्याने कॅमेरा तसाच वापरायचे ठरवले.

म्हणून मी आधी लादी ओल्या फडक्याने पुसतो, पंखा बंद करतो, बॅटरी पूर्ण चार्ज करतो आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूतील हाताने सफाईचा पर्याय निवडतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे सेन्सरपुढे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, अर्ध्यावर बॅटरी संपली, तर वर गेलेला आरसा खाली येऊन स्वॅबवर आदळू शकतो, आणि बल्ब मोडवर (बटण दाबून धरेपर्यंतच) शटर उघडे ठेवण्याचा जुगाड त्याहून घातक. मग कॅमेरा तोंड खाली करून धरतो आणि रबरी ब्लोअरचे नळकांडे आत न घालता दहा-बारा झोत मारतो. सड्यावरची तांबडी कोरडी धूळ बहुधा एवढ्यानेच झडते.

स्वॅब काढतो तो त्यानंतरही चिकटून राहिलेल्या डागांसाठीच. तो सेन्सरच्या उंचीएवढा रुंद घ्यावा: फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिलिमीटर, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) १६. द्रवाचे दोनच थेंब, एका बाजूने एकदा, उलट बाजूने परत एकदा, आणि स्वॅब कचऱ्यात. "अजून चांगला दिसतोय" म्हणून तोच पुन्हा वापरणाऱ्यांना मी कॅमेरा परत देतो.

पुसून झाल्यावर पुन्हा आकाशाचा फोटो काढतो. एफ २२ ला एखादा ठिपका उरला आणि एफ ८ ला तो दिसत नसला, तर झाकण लावून मोकळा होतो.