थकलेल्या बिलांसाठी एक ठरलेली दुपार
दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ रंगवताना मन जर गणपतीच्या आधीपासून थकलेल्या बिलाकडे धावत असेल, तर रेषेवरचा हात ढिला पडतो. म्हणून बिले पाठवणे आणि आठवण करून देणे या कामांना शुक्रवारची दुपार नेमून द्यावी आणि सकाळचे ताजे तास चित्रासाठीच राखावेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते, ती अवश्य करावी, कारण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे काम स्वीकारल्यापासून लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, चुकते करणे ग्राहकावर बंधनकारक आहे. पैसे मागताना संकोच वाटतो, हे मी जाणतो. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि देय तारीख स्पष्ट लिहिली, की तो बराच ओसरतो.