निंबोळी अर्काला बोल लावण्याआधी या चुका टाळा

सोयाबीनवर अळी दिसली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, अर्क मारला, रिझल्ट शून्य." कधी मारला? "काल संध्याकाळी." अरे बाबा!

पहिली चूक घाईची. गेल्या खरिपात पुतण्यानं हेच केलं. सांजेला अर्क फवारला, सकाळी अळ्या वळवळताना दिसल्या. नऊ वाजता दुकानातून सायपरमेथ्रिन हे रासायनिक कीटकनाशक आणून ठोकलं. तोवर मी चार बारक्या अळ्या अर्क बसलेल्या पानांसकट बरणीत टाकून वर फडकं बांधलं होतं. पानांच्या कडा जरा कुरतडल्या, भोक काही पडेना. पाचव्या दिवशी दोघी जुन्या कातीत अर्ध्या अडकून काळ्या पडल्या होत्या. निंबोळीतलं कीडनाशक द्रव्य, अझाडिरॅक्टिन, आधी अळीची भूक मारतं, मग कात टाकायचं संप्रेरक बिघडवतं. झटका देणं त्याचं काम नाही. बरणी बघून पोरगं म्हणालं, "काका, औषधाचे पैसे वायाच गेले की!" गेलेच, आणि शेतातले मावा खाणारे मित्र ढालकिडेही. करंगळीएवढी अळी झाल्यावर नीम मारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही.

दुसरी चूक पाण्याची. आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं आणि अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अझाडिरॅक्टिन तुटतं. मी पाण्याचं आम्ल-अल्क मोजणारी पीएच पट्टी बुडवतो; आठ दाखवली तर किराण्यातलं लिंबूसत्व चिमटीचिमटीनं टाकत सहावर आणतो. अर्क पानाला चिकटावा म्हणून साबणचुरा, पण तो अगदी शेवटी, पंप भरताना.

५ किलो वाळलेली निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दुहेरी फडक्यातून गाळा, १०० लिटर करा. उकळून 'लवकर' काढू नका. शिळा ठेवू नका. ओली निंबोळी प्लॅस्टिकच्या गोणीत भरली की बुरशी आलीच. सावलीत वाळवा, सुतळी पोत्यात ठेवा.

भर उन्हात फवारू नका, अतिनील किरणांनी अर्क लवकर विरतो. शेवंतीच्या कुळातल्या फुलांचं कीटकनाशक, पायरेथ्रिनही असंच नाजूक. त्याचाच रेणू बदलून १९७३ साली उन्हात टिकणारं परमेथ्रिन पुढं आलं. पुतण्याचं सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातलं.

आणि कीड मारायला तंबाखूचा काढा करून तो उघड्या हातानं ढवळणारे! निकोटिन कातडीतून आत जातं. आमच्या गड्याला त्यानंच गरगरलं, दुपारभर बाजेवर पडून होता, तरी म्हणतो, "पानाचंच तर पाणी, मालक."