बाबांवर डॉक्युमेंटरी करताय? आधी हात शूट करा
बाबा ग्लोव्हज न घालता, नुसत्या मुठींनी कुस्तीसारख्या लढती लढायचे, बडोद्याच्या घरी त्यांना शूट करताना कळलं की "सांगा तुमच्याबद्दल" म्हटलं की ते गप्पच होतात. त्यापेक्षा हात टेबलावर ठेवायला सांगा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या आणि एकेका बोटाचं विचारा, हे कधी मोडलं, हे वाकडं का. बाबा करंगळी चोळत अर्धा तास बोलले, माझा तर गळाच दाटून आला. कॉलरला माईक लावाच, पंखा बंद. ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर चित्र लुकलुकतं. खंडेराव गायकवाडांच्या काळातल्या (१८५६ ते १८७०) बडोद्याच्या लढती दाखवायच्या असतील तर तिथे लढणाऱ्यांच्या मुठीत नख्या (बोटांवर बांधायचं नखांसारखं शस्त्र) असायच्या हे नीट सांगा, बाबांची मूठ रिकामी होती. आईला वेगळं बसवा, जखमा तिनेच धुतल्यात, पण बाबांसमोर ती बोलत नाही.