ॲरिझोनात मुलांकडे निघालात? केरसुणी आधी बाजूला ठेवा

आपल्या पिढीच्या आईबापांना मुलांकडे गेल्यावर स्वस्थ बसवत नाही. जेटलॅग उतरला की आपण गॅरेज आवरायला काढतो. मुलं न्यू जर्सीला असतील तर खुशाल काढा. पण टूसॉन, फीनिक्स, आल्बुकर्की अशा वाळवंटी भागात असतील तर आधी हे वाचा. माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, लेक टूसॉनला असते, आणि कोथरूडमधलं ओळखीचं कुणी तिकडे निघालं की हे सांगितल्याशिवाय मी त्यांना सोडत नाही.

मे १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एकमेकांना भिडतात, तिथे धडधाकट तरुण माणसं तापाने पडली आणि काही दिवसांत श्वास कोंडून दगावू लागली. कारण निघालं हंताविषाणू. तो बाळगत होता डियर माउस नावाचा चिमुकला उंदीर: पोट पांढरं, शेपटी वरून गडद, खालून पांढरी. पाऊसपाणी चांगलं झालेलं, खायला मुबलक, म्हणून त्या वर्षी हे उंदीर बेसुमार वाढले होते. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. विषाणू त्याच्या लघवीत, लेंड्यांत आणि लाळेत असतो. ही घाण वाळते, आपण केरसुणी फिरवतो, धूळ उडते आणि ती श्वासाबरोबर आत जाते. फुप्फुसाचा हा आजार झालेल्या दहांपैकी जवळपास चार जण दगावतात. लस नाही, हमखास औषध नाही. म्हणून कोरडा केर काढायचा नाही, व्हॅक्यूम लावायचा नाही.

मग साफ कसं करायचं? ते पुण्यातच हाताला बसवून जा. दिवाळीची आवराआवर काढाल तेव्हा माळ्यावरच्या लेंड्या याच पद्धतीने काढा. इथे डियर माउस नसला तरी उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, हाताला चिरा असतील तर अधिकच.

दारं-खिडक्या सताड उघडा आणि अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. एक वाटी ब्लीच आणि नऊ वाट्या पाणी असं ताजं मिश्रण करा. त्यात टॉयलेटचं ॲसिड चुकूनही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. मिश्रण लेंड्यांवर हलक्या हाताने ओता, पार भिजू द्या. जोराचा फवारा मारला तर पुन्हा धूळच उडेल. पाच मिनिटं थांबा. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, पण विषाणू मरायला तेवढा वेळ लागतो. मग कागदी टॉवेलने उचला, पिशवीत टाका, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा. त्याच मिश्रणात बुडवलेल्या फडक्याने फरशी पुसा आणि तो फडकाही टाकून द्या. मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा, आणि पुन्हा हात धुवा. नाकाला पदर किंवा रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. घाण जास्त असेल तर एन-९५ मास्क हवा, आणि खोली भरून घाण असेल तर तिकडच्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच बोलवा.

पॅकरॅट, म्हणजे वुडरॅट, हे वेगळं प्रकरण. मोठे कान, टपोरे डोळे, दिसायला गोजिरवाणा. निवडुंगाच्या बुडाशी किंवा शेडमागे तो ढीग रचतो. लेकीकडचा ढीग मी लांबून नीट पाहिला: चोया नावाच्या निवडुंगाच्या काटेरी कांड्या, काटक्या, वाळलेलं शेण, मध्येच बाटलीचं झाकण आणि नातीची चकचकीत क्लिप. नात ती काढायला धावली, तिला मी तिथेच धरलं. त्या ढिगात इतर उंदीरही आसऱ्याला येतात, आणि रक्त पिणारा किसिंग बगही राहतो. हा काळपट, निमुळत्या डोक्याचा कीटक साधारण दोन सेंटिमीटर असतो. उन्हाळ्यात रात्री दिव्याकडे येतो आणि झोपेत चावतो. त्याच्या विष्ठेत चागस आजाराचा परजीवी असू शकतो. ब्राझीलच्या कार्लोस चागस यांनी १९०९ मध्ये तो शोधला. ॲरिझोनात माणसाला या कीटकापासून हा आजार होणं विरळा, पण चाव्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. पलंग भिंतीपासून सरकवा, जाळ्या फाटक्या ठेवू नका, अंगणातला दिवा रात्री बंद करा. पेन्सिल जाईल एवढं भोकसुद्धा तारेची घासणी कोंबून लिंपून टाका.

ढीग मोडायची आणि पॅकरॅट मारायची घाई नको. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, आणि प्लेग त्यांच्यातूनच पसरतो. आपल्या पणजोबांच्या पिढीला हे ठाऊक होतं. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. तीच साथ १९०० मध्ये जहाजांवरून सॅन फ्रान्सिस्कोला पोचली आणि तिथून रानातल्या खारी-उंदरांत मुरली. आजही न्यू मेक्सिको आणि उत्तर ॲरिझोनात अधूनमधून माणसाला प्लेग होतो. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर बरा होतो. म्हणून आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, आणि तोही माहीतगाराकडून. मेलेली खार दिसली तर कुत्र्याला आवरा.

पुण्याला परतल्यावरची गोष्ट लोक हमखास विसरतात. हंताची लक्षणं एक ते आठ आठवड्यांनी दिसू शकतात. ताप, मांड्या-कंबर-पाठ ठणकणं, मळमळ, आणि चार ते दहा दिवसांनी खोकला व धाप. प्लेटलेट्सही उतरतात, त्यामुळे इथले डॉक्टर साहजिकच आधी डेंग्यू तपासणार. तुम्ही आपणहून सांगा: कुठे होतो, कोणत्या तारखेला परतलो, उंदरांची घाण साफ केली का, काही चावलं का. एका कागदावर लिहून तो पासपोर्टमध्ये ठेवा, कारण धाप लागली की बोलायचं सुचत नाही. आणि धाप लागली तर ओपीडीच्या रांगेत बसू नका, थेट आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा.