खान्देशी गाण्याचं कव्हर: झील, बोली, पट्टी आणि परवानगी

आखाजीचं (खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचं) झोक्यावरचं गाणं स्टुडिओत नेलं की बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात दमतं. ही गाणी दोन गटांची आहेत. एक गट ओळ टाकतो, दुसरा झील, म्हणजे मागून साथीची ओळ, धरतो, आणि तेवढ्यात पहिला गट श्वास घेतो. एकाच गायिकेनं दोन्ही ओळी सलग म्हटल्या की ओळींचे शेवट तुटायला लागतात. मग संगणकावर तुकडे जोडायचे, श्वास पुसायचे, आणि शेवटी गाणं इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

झिलेसाठी तीन-चार बायका खरोखर उभ्या करा. एकाच आवाजाच्या चार प्रती एकावर एक चढवल्या तर समूह वाटत नाही, एकच आवाज जाड झाल्यासारखा वाटतो. बायका मिळत नसतील तर झिलेच्या जागी तेवढ्याच मात्रा वाद्याला द्या. गाणं आटोपशीर करायच्या नादात या मात्रा कापल्या जातात, आणि नेमका तिथेच झोका थांबतो.

म्हणून वाद्यांचा विचार नंतर. आधी गाणं नुसत्या टाळीवर म्हणून बघा आणि ते कशावर उभं आहे ते ओळखा: चालीवर, ठेक्यावर, शब्दांच्या उच्चारावर की झिलेवर. ज्यावर उभं आहे ते सोडून बाकी काहीही बदला. सहा मात्रांच्या हेलकाव्याचं गाणं चारच्या नाचऱ्या ठेक्यात बसवलं तर ऱ्हस्व-दीर्घ जागेवरून हलतात आणि शब्द ओढूनताणून बसवावे लागतात. मूळ लय मेट्रोनोमवर मोजा. मिनिटाला 90 ठोक्यांचं गाणं 96-98 पर्यंत नेलं तर ताजं वाटतं. 120 वर नेलं तर फक्त नाचायच्या कामाचं उरतं. वरातीसाठी हवं असेल तर खुशाल न्या, पण मग कडवी कमी ठेवा.

खान्देशी गाण्यात सगळ्यात जास्त घात होतो तो बोलीचा. अहिराणी आणि लेवा गणबोली एक नव्हेत, हे बाहेरच्या संगीतकाराला आधीच सांगावं लागतं. अहिराणीत 'माझा'चं 'मना' होतं, 'तुझा'चं 'तुना', 'आहे'चं 'से'. लोकांना समजावं म्हणून हे शब्द प्रमाण मराठीत आणले तर अक्षरं बदलतात, मात्रा बदलतात आणि तीच चाल उपरी वाटू लागते. दोन्ही बोलींत 'ळ'चा 'य' होतो: डोळा-डोया, काळा-काया. बहिणाबाईंच्या 'वढाय'चं 'ओढाळ' केलं तर अर्थ तोच राहील. पण 'वढाय' म्हणताना 'ढा' मोकळा लांबवून 'य'वर अलगद उतरता येतं, तर 'ळ'ला जीभ वळते आणि सूर तिथेच बंद होतो. उलटी चूकही होते. बाहेरचा गायक हौसेनं दिसेल त्या 'ळ'चा 'य' करत सुटतो. बोली घरात बोलणाऱ्या माणसाकडून शब्द आधी न गाता, नुसते वाचून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, आणि ते ऐकत पाठ करा. कागदावरून पाठ करू नका. देवनागरीत या बोलींचे अर्धे हेल उतरतच नाहीत.

पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर धरतात ती, मूळ गाण्याचीच घ्यायची सक्ती नाही. बाईनं काळी चारमध्ये म्हटलेलं गाणं पुरुषानं काळी एक-दोनपासून तपासावं. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर माइकशिवाय पाच-सहा फुटांवर ऐकू येतो का, आणि सगळ्यात वरचा सूर ओळीनं तीनदा न ताणता लागतो का, हे बघा. दोन्ही जमेल ती आपली पट्टी. तयार ट्रॅकची पट्टी दोन अर्धस्वरांपेक्षा जास्त सरकवली तर ढोलकी खेळण्यातली वाटायला लागते. त्यापेक्षा ट्रॅक नवा वाजवून घ्या.

बँजोवर गाणं बसवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, सूर तुटक निघतो. लांब मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असलेली चाल त्यावर केविलवाणी होते, कितीही नखी चालवली तरी. सरळ, ठसठशीत सुरांची चाल निवडा, किंवा मींडेची जागा क्लॅरिनेटला द्या. पावरी, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, घ्यायची असेल तर आधी तिचा सूर बघा. ती तुमच्या पट्टीत येणार नाही, तुम्हालाच तिच्या पट्टीत जावं लागेल.

घरी रेकॉर्डिंग करताना भिंतीवर दोन गोधड्या टांगा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा तिरका ठेवा, आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या सुरालाही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. चैत्र-वैशाखात कूलर बंद करून दुपारी गाणं अशक्य. पहाटेच उरकून घ्या.

आता परवानगी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या 31सी कलमानुसार, मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं त्याच्या अखेरीपासून पाच कॅलेंडर वर्षं होईपर्यंत या कलमाखाली कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्यानं गाऊन केलेलं ध्वनिमुद्रण, करता येत नाही. त्यानंतरही मालकाला आधी सूचना आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडचा बदल त्याच्या संमतीशिवाय चालत नाही. व्हिडिओ करणार असाल तर थेट लेखी परवानगी घेणंच बरं. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, गाण्यांचं पुस्तक 1952 चं. साठ वर्षांची मुदत उलटल्यामुळे ते शब्द आता सर्वांचे आहेत. पण त्यांना नंतर कोणी लावलेली चाल त्या चालकाराची, आणि रेकॉर्ड कंपनीची. जुन्या कॅसेटवर 'पारंपरिक' छापलेलं असलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. त्यातल्या काही गाण्यांचे कवी शेजारच्याच तालुक्यात हयात असू शकतात. गाणं ऑनलाइन चढवण्याआधी दोन-चार जुन्या गायकांना फोन करून विचारा, आणि नाव मिळालं तर ते वर्णनाच्या पहिल्या ओळीत घाला.