ऑनलाइन आलेलं स्थळ: होकाराआधी आणि पैशांआधी काय तपासायचं

लग्नाच्या साइटवर किंवा डेटिंग ॲपवर भेटलेला माणूस खरा की खोटा, हे फोटोवरून सहसा कळत नाही. त्याच्या घाईवरून कळतं. दोन-तीन दिवसांतच "इथं नको, व्हॉट्सॲपवर बोलू" येतं, कारण साइटवर तक्रार झाली तर त्याचं खातं बंद होतं. पाठोपाठ "घरी इतक्यात सांगू नका" हेही येतं. सातारा-सांगलीकडं स्थळ आलं की चार ठिकाणी चौकशी होतेच. ती टाळणं हे त्याचं पहिलं काम असतं, म्हणून ती करणं हे तुमचं पहिलं काम.

मूळ गाव, तालुका, भावकी, मामाचं गाव, शाळा, दहावीचं वर्ष हे सगळं गप्पांच्या ओघात विचारा आणि लिहून ठेवा. आठवड्यानं त्यातलंच काही उलटसुलट करून पुन्हा विचारा. सांगलीकडचं आडनाव सांगून मामाच्या गावावर अडखळणारा माणूस थोडा नवलाचाच. गावाचं नाव मिळालं की पोलीस पाटलांना किंवा तिथल्या पाव्हण्यांना एक फोन पुरतो. मुलगा दिल्लीत, कोचीत किंवा कोलकात्यात आहे म्हणाला तरी अडायचं कारण नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी देशभरातल्या शहरांत आहेत. मुलाच्या ऑफिसचा पत्ता त्यांना द्या, कुणीतरी जाऊन बघून येईल.

फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, फक्त फोटो ठेवून बाकीचं कापा आणि गूगल लेन्सवर (फोटोवरून शोध घेणारी सोय) टाका. तोच फोटो दुसऱ्या नावानं दिसला तर विषय संपला. काहीच सापडलं नाही तर मात्र तो खरा ठरत नाही. फोटो एखाद्याच्या खाजगी खात्यातून उचललेला किंवा एआयनं बनवलेलाही असतो. व्हिडिओ कॉलवर मान पूर्ण बाजूला वळवायला आणि तोंडासमोरून हात फिरवायला सांगा. बनावट चेहऱ्याची कड अशा वेळी बऱ्याचदा हलते किंवा पुसट होते. नेहमी नाही, म्हणून प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. भेट दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, घरच्यांपैकी कुणाला तरी सोबत घेऊन.

साताऱ्यात फौजीचं सोंग विशेष चालतं, कारण इथं वर्दीवर पटकन विश्वास बसतो. पोस्टिंगचं ठिकाण सांगता येत नाही, ही त्याला आयती सबब मिळते. तो ओळखपत्राचा किंवा कॅन्टीन कार्डाचा फोटो न मागता पाठवतो. खरा जवान अनोळखी माणसाला ओळखपत्र पाठवत नाही. आणि अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला मुलगा असेल, तर कोण कुठल्या पलटणीत आहे हे गावाला ठाऊक असतं.

पैशांची मागणी क्वचितच थेट येते. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर दागिने, आयफोन, डॉलर असं पार्सल पाठवतो. मग "दिल्ली विमानतळ कस्टम्स"मधून फोन येतो: आधी ड्यूटी, मग दंड, मग मनी लॉन्डरिंगची धमकी. प्रत्येक वेळी रक्कम आधीपेक्षा मोठी. कस्टम्स विभाग कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फोनवरच्या माणसाला तो क्रमांक मागा.

त्याहून घातक प्रकार ट्रेडिंग ॲपचा. यात महिनाभर पैशांचा विषयच निघत नाही. मग "मी यातून कमावतो, तूही शिक" म्हणत लिंक येते. पाच-दहा हजार टाकले की नफा दिसतो आणि थोडी रक्कम काढूनही देतात. विश्वास बसतो तो इथं. नंतर द्राक्षाचे किंवा उसाचे आलेले पैसे, सोनेतारण कर्ज, सगळं त्यात जातं, आणि काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा". हा टॅक्स कधीच भरू नका. स्क्रीनवरचा आकडा नुसता आकडा असतो, त्यामागं पैसे नसतात.

"माझे पैसे तुझ्या खात्यात घेतो" म्हटलं तरी नाहीच म्हणा. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात आणि गोठतं ते तुमचं खातं. अंगावरचे कपडे काढायला लावणारा व्हिडिओ कॉल आला तर लगेच कापा. रेकॉर्डिंग करून धमकावलं तर एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली तरच ती गोठवता येते. पिन तुम्हीच टाकलेला असतो, त्यामुळे बँक भरून देईल या भरवशावर थांबू नका. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा खाते क्रमांक, तारीख आणि वेळ हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जाताना बँक स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक न्या. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद) मागा. शरमेनं चॅट पुसू नका, पुरावा तोच आहे.

यानंतर काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा" असा फोन येऊ शकतो. तुमचा नंबर बहुतेक त्याच टोळीनं पुढं दिलेला असतो. हा नवा नंबरही त्याच तक्रारीत जोडा.