सूर्याच्या उष्णतेवर चालणारा घरगुती पंप: दाब आणि तापमानाच्या हिशोबातल्या या चुका टाळा

बंद पिंपातली हवा उन्हाने तापते, फुगते आणि पिंपातल्या पाण्याला नळीतून वर ढकलते. सावली आली की तीच हवा आकसते आणि खालच्या टाकीतलं पाणी आत ओढते. दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा), एक पिंप आणि काळा रंग एवढ्यावर हे जमतं. उन्हाने तापलेल्या हवेकडून पाणी उचलून घ्यायची कल्पना सालोमाँ द को या फ्रेंच अभियंत्याने १६१५ मध्येच मांडली होती. जोडणी सोपी आहे. घोडं अडतं ते गणितात, कारण इथे मिळणारा दाब मुळातच थोडा असतो आणि हिशोबातली लहानशी चूकही सगळा पंप बंद पाडते.

सेल्सिअसमध्ये गुणोत्तर काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली, म्हणजे तापमान दुपटीहून वाढलं, म्हणून दाबही दुप्पट होईल आणि पाणी दहा-अकरा मीटर चढेल, असं कागदावर निघतं. वायूच्या नियमात (बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो) तापमान केल्विनमध्येच, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून घालायचं असतं. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, ५७ अंश म्हणजे ३३० केल्विन. वाढ फक्त १० टक्के. वातावरणाचा दाब १०१.३ किलोपास्कल धरला तर कोरड्या हवेचा दाब वाढतो साधारण १० किलोपास्कलने. पाण्याचा एक मीटर उंच स्तंभ ९.८ किलोपास्कल दाब देतो. म्हणजे चढ जेमतेम एक मीटर!

याच्याच जोडीची दुसरी चूक दाबाच्या शून्याची. गेज, म्हणजे दाब मोजायचं उपकरण, वातावरणाच्या दाबाला शून्य धरतं, वायूचा नियम मात्र पूर्ण निर्वाताला. गेजवरच्या आकड्यात आधी वातावरणाचा दाब मिळवा, मगच तो सूत्रात घाला. आणि तो दाब हवामानाच्या ॲपवरून उचलू नका. तिथे बहुधा समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला आकडा असतो. हजार मीटर उंचीवर खरा दाब ९० किलोपास्कलच्या आसपास असतो आणि तिथे तीच १० टक्के वाढ एक मीटरऐवजी ९२ सेंटिमीटरच देते.

चढही पूर्ण, पाणीही पूर्ण?

२०० लिटर हवा १० टक्क्यांनी फुगली की २० लिटर पाणी बाहेर पडेल आणि ते एक मीटर चढेल, असा हिशोब अनेकजण मांडतात. यातलं एकच काहीतरी मिळतं. २० लिटर मिळतील ते चढ शून्य असताना. चढ एक मीटर ठेवलात तर पाणी काठापर्यंत येऊन थांबेल. अर्धा मीटर चढाला दाब १०६.२ किलोपास्कल लागतो आणि त्या दाबाखाली हवा २१० लिटरपर्यंतच फुगते, म्हणून एका फेरीत सुमारे १० लिटर पाणी मिळतं. मला विचाराल तर शक्य चढाच्या निम्म्यावरच आखणी करावी.

चढ मोजायचा तो पिंपातल्या पाण्याच्या पातळीपासून, आणि ही पातळी पाणी जाईल तशी उतरत असते. शिवाय खालून ओढण्याची उंचीही याच तापमान-फरकातून भागवायची असते. ४० सेंटिमीटर खालून ओढायचं असेल तर वर ढकलायला साधारण ६० सेंटिमीटरच उरतात.

वाफेला विसरणं, किंवा तिच्यावर फार विसंबणं

पिंपात पाणी आहे म्हणजे हवा कोरडी नाही. संतृप्त वाफेचा (त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या पूर्ण वाफेचा) दाब २७ अंशांना साधारण ३.६ किलोपास्कल असतो, ५७ अंशांना १७.३. कोरड्या हवेचा वाटा (१०१.३ वजा ३.६) १.१ ने गुणला आणि त्यात १७.३ मिळवले की १२४.८ किलोपास्कल होतात. चढ एकदम २.४ मीटर! गणित बरोबर आहे, पण पाण्याचा पृष्ठभागही ५७ अंशांवर असेल तरच. वाफ सगळ्यात थंड पृष्ठभागावर जाऊन द्रव होते. पिंपाचा माथा तापलेला आणि पाणी गारच असेल तर वाफेचा दाब त्या गार पाण्यानुसारच राहतो. म्हणून पाण्याच्या वरच्या थराचं तापमान वेगळं मोजा.

आकडे बरोबर, तरी पाणी चढत नाही

तापमापक बहुतेकदा काळ्या पत्र्याला चिकटवलेला असतो आणि पत्रा आतल्या हवेपेक्षा बराच गरम असतो. त्यापेक्षा हवेलाच विचारा. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरा आणि एक टोक कोरड्या, बंद पिंपाला जोडा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजेच गेज दाब. सुरुवात २७ अंशांवर आणि फरक ६० सेंटिमीटर आला, तर हवा सरासरी ४४-४५ अंशांवरच आहे, पत्रा काहीही सांगो.

गळतीही हीच नळी दाखवते. पिंप पुन्हा सुरुवातीच्या तापमानाला आल्यावर पातळ्या सारख्या व्हायला हव्यात. पिंपाकडची बाजू वर चढलेली दिसली, तर तापताना हवा निसटली आहे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून जागा शोधा. व्हॉल्व्हही तपासा: स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडायलाच ३ किलोपास्कल घेत असेल तर ३० सेंटिमीटर चढ तिथेच गेला. हलक्या फडीचा व्हॉल्व्ह इथे केव्हाही बरा.

पिंप बंद करून तापवू नका

ही बाब मी कळकळीने सांगतोय. बाहेरची वाट बंद असताना आतलं पाणी आणि हवा ८० अंशांपर्यंत गेली तर गेज दाब ६० किलोपास्कलच्या वर जातो. ५७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हे दीड टनाहून जास्त वजन झालं. साधं पिंप त्यासाठी बनवलेलं नसतं. वर जाणाऱ्या नळीला कॉक लावू नका. ती उघडी असली की दाब तिच्या उंचीपुरताच राहतो. थंड होताना उलटा धोका असतो. ओढनळी तुंबली तर आत निर्वात तयार होतो आणि पातळ पत्रा आत दबतो, म्हणून तळाची जाळी दर काही दिवसांनी साफ करा.